टक-टक

बोरामणीच्या अलीकडे, उड्डाणपूल उतरला की,
रात्री दोनला एक कंटेनर बसला.
ड्रायव्हर सेलमचा. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ.
फुटलेल्या टायरला भाषा लागत नाही.
मागचा उजवा. नेहमी उजवाच, रस्त्याकडचा.

मल्लूनं आधी दगड मांडले, पंधरा पावलांवर एक,
मग बाभळीची फांदी,
मग जॅकच्या दांड्याला बांधलेला टॉवेल,
लाल काठाचा, एमआयडीसीतल्या सेकंड मालातला.
एवढंच आमचं सरकार.

मी आडवा झालो,
डोकं चेसीखाली, पाय डांबरावर.
शेजारून ट्रक गेला की वारा आधी ढकलतो,
मग ओढतो.
ओढतो तो वाईट.
कॉलरला धरून कुणीतरी म्हणतं, चल की बे.

लतीफ उस्तादांना तसंच नेलं होतं एकदा,
अर्धं.
आता ते दुकानात टायरच्या थप्पीवर बसतात
उजव्या पँटीला गाठ मारून,
आणि कानानं रस्ता बघतात.
दोन लेनच्या मधे चमकणाऱ्या बिल्ल्या ठोकल्यात ना,
चाक त्यांच्यावरून गेलं की वाजतं, टक-टक.
"सरकला," उस्ताद म्हणतात.
नाही वाजलं तर काही म्हणत नाहीत,
न पेटवलेली बिडी बोटांत फिरवत राहतात.

मल्लूनं मोबाईलवर कुठंतरी वाचलं.
"उस्ताद, भाईर देशात कायदाच हाय बघा.
कडेला गाडी थांबलेली दिसली
की एक लेन सोडून जायचं. जागा नसंल तर हळू.
न्हाई केलं की दंड."
उस्तादांनी बराच वेळ घेतला.
"दंड कुणाला मिळतो? खाली झोपलेल्याला?"
"न्हाई. सरकारला."
"मग ठीक," म्हणाले,
"मला वाटलं पाय परत देतात."

त्या रात्री मी नट मोजायचे सोडून गाड्या मोजत होतो.
हैदराबादची लक्झरी, पडदे ओढलेले. सरळ.
पांढरी कार, काचेवर कसलंसं पद लिहिलेली. सरळ, आणि वर हॉर्न.
उसाची डबल ट्रॉली, मागं दिवा नाही, रेडियम नाही, गाणं मात्र फुल्ल,
ती लांबूनच सरकली,
टक-टक, टक-टक, टक-टक, टक-टक,
संपेचना.
उमरग्याची एसटी, टक-टक,
आणि ड्रायव्हरनं आतला दिवा एकदा लावून विझवला.
कशासाठी, माहीत नाही.
पण शेवटचे चार नट मी त्या दिव्यावर आवळले.

चाळीसातले अकरा.

आता एक सांगायचं राहिलंय.
मार्गशीर्षात अक्कलकोटहून येत होतो,
साडूच्या पोरीचा साखरपुडा उरकून, गाडी साडूची, चालवणारा मी,
डोळ्यांवर हुग्गीची सुस्ती.
वळसंगजवळ कडेला एक छोटा हत्ती.
कुणीतरी वाकलेलं, मोबाईलचा उजेड दातांत धरून.
मी गेलो.
कुंभारी येईपर्यंत कान लावून बसलो,
की मघाशी वाजलं असेल,
गाडीतल्या बोलण्यात मलाच ऐकू आलं नसेल.

कंटेनर निघाला. सेलमवाल्यानं टॉवेल घडी घालून परत दिला,
पैशांसारखा, दोन्ही हातांनी.
दगड मात्र कुणी नेत नाही.
गाडी जाते, दगड राहतात,
पुढच्या कुणाच्या तरी मोटरसायकलीची वाट बघत.
ते मी एकेक उचलून खाली चरीत टाकतो,
मल्लू कितीही पेंगत असला तरी.

पहाटे उस्ताद विचारतात, "किती?"
"बारा," मी सांगतो.